पाकिटावरची सात पानं

धोंडप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि पाकिटावरची पानं बाभळीच्या काट्यानं मोजायला घेतली. एक, दोन, तीन. काटा तिथंच थांबला. त्यांनी पाकीट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, मग उलटं करून पाहिलं. उलट्या बाजूनंही तीनच भरली.

"भुजंगराव," ते हळूच म्हणाले, "यात उंबरदरी कुठं हाय?"

भुजंगरावांनी पाकीट हातात घेतलं. त्यांनाही उंबरदरी दिसली नाही. उंबरदरीच काय, त्यांची स्वतःची माळेवाडीही दिसली नाही. पण अध्यक्षानं आधी दुसऱ्याचं गाव शोधायचं असतं, म्हणून ते गप्प राहिले.

लोहा गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून दोन खोल्या आहेत. तिथं सातपान हळद उत्पादक कंपनीचं कार्यालय आहे. कंपनी म्हणजे सात गावांतले तीनशे चाळीस हळदवाले शेतकरी. एका गावाचा एक, असे सात संचालक. त्यांतले माळेवाडीचे भुजंगराव अध्यक्ष, आणि धोंडप्पा उंबरदरीचे संचालक. नऊ वर्षांपूर्वी कंपनीची नोंदणी करायची ठरली तेव्हा नुसत्या नावावरून चार महिने गेले होते. ज्याला त्याला आपल्या गावाचं नाव हवं होतं. शेवटी भुजंगरावांनी तोड काढली की कोणाचंच नाव नको. हळदीचं झाड काढू, त्याला सात पानं काढू, एका गावाचं एक पान. कोणतं पान कोणाचं हे मारुतीच्या देवळात चिठ्ठ्या टाकून ठरलं. लोह्याच्या एका पेंटरनं ते झाड कार्यालयाच्या भिंतीवर पुरुषभर उंच रंगवलं. एकेक पान हातभर लांब होतं. दसऱ्याला सातही पानांना हळदीकुंकू लागायचं. कोणत्या पानाला आधी लावायचं याची पाळी होती आणि ती पाळी एका वहीत लिहून ठेवलेली होती.

भिंतीवर होतं तोवर त्या झाडानं कोणाला त्रास दिला नाही. नऊ वर्षं सात गावांची हळद पोत्यांत भरून बाजारात जायची, आणि पोत्यावर कोणी झाड काढत नाही. यंदा पहिल्यांदाच लातूरच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या अकरा दुकानांसाठी पन्नास ग्रॅमची वीस हजार पाकिटं मागितली होती. सातही गावांची हळद एकत्र दळायची, रंग एकसारखा हवा, आणि माल ठरल्या तारखेला पोचला पाहिजे. कंपनीची मॅनेजर तनुजा हिनं दीड वर्ष लातूरच्या फेऱ्या मारून ही मागणी मिळवली होती. एका गावानं जरी पोती उचलली तरी ठरलेला रंग येणार नव्हता. आणि एक गाव उठलं की बाकीची बसून राहत नाहीत, हे भुजंगरावांना पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षं सात गावांना त्यांनी एका सतरंजीवर बसवलं होतं. त्या सतरंजीची चारही टोकं आता त्या पाकिटावर आली होती.

पाकिटाचा हा पहिला नमुना नांदेडहून छापून आला होता. वरच्या कोपऱ्यात झाड होतं, करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या शेजारी चौकटीतला हिरवा ठिपका होता. वस्तू शाकाहारी असली की तो ठिपका छापावाच लागतो. झाड इतकं बारीक झालं होतं की खालची चार पानं देठात मिसळून गेली होती. वरची तीन टोकं सोडली तर तोही एक हिरवा ठिपकाच झाला होता. लांबून पाहणाऱ्याला हळद दोनदा शाकाहारी वाटली असती. तनुजाच्या हे सकाळीच लक्षात आलं होतं. पण एवढं बारीक कोण बघतंय, असं तिला वाटलं. तिला कंपनीत येऊन दोनच वर्षं झाली होती.

धोंडप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर समजूत घालता आली असती.

"हे पाकीट गावात दाखवायला मला तोंड न्हाई," ते म्हणाले. "सोमवारी ट्रॅक्टर घेऊन येतो आन् आमची पोती घेऊन जातो. तुमच्याशी काई दुश्मनी न्हाई, भुजंगराव. पर जिथं गाव न्हाई, तिथं गावाचा माल कशाला?"

त्या दिवशी मंगळवार होता.

तनुजानं लातूरला मालविकाला फोन लावला. भिंतीवरच्या झाडाचा फोटो घेऊन त्याचा छापायजोगा लोगो मालविकानंच करून दिला होता. लोगोबरोबर तिनं अकरा पानांची एक नियमावलीही दिली होती. ती कार्यालयात फायलीला लावलेली होती आणि फाइल कपाटात होती. मालविका शांतपणे म्हणाली की छापखान्याचा यात दोष नाही. पुरुषभर उंच चित्र नखाएवढं केलं की असंच व्हायचं. कुठलीही संस्था लहान जागेसाठी लोगोचं एक साधं रूप वेगळं ठेवते. नियमावलीत पान नऊवर ते लिहिलं आहे, एकदा वाचून घ्या.

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक बोलावली. तनुजानं पान नऊ काढून मोठ्यानं वाचलं, की पंधरा मिलिमीटरपेक्षा लहान आकारात पानांची संख्या सातवरून तीनवर आणावी.

सातही जण पुढं सरकले.

"कोणची तीन?" चिंचपिंपरीच्या लिंबाजींनी विचारलं.

तनुजानं पान उलटून पाहिलं. मग म्हणाली की तसं काही लिहिलेलं नाही. मालविका मॅडमच्या लेखी ती नुसती पानं आहेत.

"नुसती पानं," लिंबाजी बाकीच्यांकडं बघत म्हणाले. "घ्या."

मग बराच वेळ बोलणं झालं. एकानं सुचवलं की दरमहा तीन गावांची पाळी लावावी, या महिन्यात तीन, पुढच्या महिन्यात तीन. हिशेब केला तर तिसऱ्या महिन्याला एकच गाव उरत होतं, आणि एकट्या पानाचं झाड कसं दिसेल हे कोणाला सांगता येईना. शिवाय ते एक गाव कोणतं, हा प्रश्न होताच. दुसऱ्यानं म्हटलं, मोठी गावं ठेवा. लगेच मोठं म्हणजे मतदारांनी की हळदीनं, हे निघालं. भुजंगरावांनी हात वर करून ते थांबवलं. हळदीनं मोजलं असतं तर माळेवाडी पहिली आली असती, आणि अध्यक्षाला ते परवडणारं नव्हतं.

शेवटी वडजळच्या तारामतीबाई बोलल्या. सात संचालकांत त्या एकट्याच बाई होत्या आणि बैठकीत शक्यतो शेवटी बोलायच्या, कारण तोवर बाकीचे थकलेले असत.

"पंधराच्या खाली कामून जाता मनते मी," त्या म्हणाल्या. "मोठं छापा. जिथं सात पानं दिसत न्हाईत तिथं झाड लावायचंच न्हाई."

हे सगळ्यांना पटलं. तसा ठराव झाला. सातही जणांच्या सह्या झाल्या. ठराव करण्याआधी संचालकांपैकी कोणी पत्राचा कागद, शिक्का, फोनवरचं चित्र यांच्याकडं निरखून पाहिलं नव्हतं. ठराव झाल्यावर पाहणं भाग पडलं.

पहिली तक्रार लिंबाजींचीच आली. कंपनीचा फोनवर एक गट होता, सातपान परिवार नावाचा. त्या गटाचं चित्र म्हणून झाड लावलेलं होतं. फोनमध्ये ते चित्र गोलात बसतं आणि गोलाबाहेरचं कापलं जातं. चिंचपिंपरीचं पान अगदी डाव्या कडेला होतं. त्याचं अर्धं टोक दोन वर्षं गोलाबाहेर होतं आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं. तनुजानं झाड बारीक करून गोलाच्या आत आणलं. तेव्हा सातही पानं आली, पण दिसेनाशी झाली. लोक दोन बोटांनी चित्र फाकवून बघायला लागले. जो तो आपल्याच पानापर्यंत जायचा आणि तिथं त्याला चार धुरकट चौकोन दिसायचे. संध्याकाळपर्यंत चिंचपिंपरीचे सतरा जण गटातून बाहेर पडले. त्यांतले पाच जण चित्र मोठं करताना चुकून बाहेर पडले होते आणि त्यांना परत येता येत नव्हतं. पण गावानं सतराच्या सतरा निषेधात धरले.

तनुजानं शेवटी गटावरून झाड काढलं आणि तिथं नुसता पिवळा रंग लावला. पिवळ्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

गुरुवारी शिक्क्याची पाळी आली. जुना शिक्का नुसत्या अक्षरांचा होता. ठरावात अक्षरांबद्दल काही नव्हतं, पण धोंडप्पांना शांत करायचं म्हणून भुजंगरावांनी सात पानांचा नवा शिक्का करून घेतला, इंचभराचा. शाई लावली की पानांमधल्या फटी भरून जायच्या आणि कागदावर मधे जाड, कडेला पाय फुटलेलं असं काहीतरी उमटायचं. त्या शिक्क्याचं पहिलं पत्र फवारणी पंपाची चौकशी करायला लोह्यातल्या शेतीऔषधांच्या दुकानात गेलं. दुकानदारानं पत्र वाचलं नाही. त्यानं शिक्क्याकडं बराच वेळ पाहिलं, ही कीड किती एकरात पसरली आहे असं विचारलं आणि पत्र घेऊन गेलेल्या माणसाबरोबर दोन बाटल्या पाठवल्या. पत्राला असा जवाब कंपनीला आजवर कोणी दिला नव्हता. भुजंगरावांनी बाटल्या परत केल्या. शिक्का टेबलाच्या खणात गेला.

"अण्णा, फ्लेक्सला तरी काही होणार नाही," तनुजा भुजंगरावांना म्हणाली. "तिथं जागाच जागा आहे."

खरंच होती. माल रवाना करायच्या दिवसासाठी वीस फूट बाय दहा फूट फ्लेक्स छापून आला होता. शुक्रवारी तो कार्यालयापुढं बांधला. सातही पानं माणसाएवढी आणि लख्ख. येणारे-जाणारे थांबून आपापलं पान दाखवू लागले. धोंडप्पा स्वतः येऊन उंबरदरीच्या पानाखाली उभे राहिले. सोमवारचं काही बोलले नाहीत, पण काही विसरलेही नाहीत. भुजंगरावांनी त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला. मंगळवारनंतर कार्यालयाचा चहा त्यांनी पहिल्यांदाच घेतला.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. फ्लेक्स बांधणाऱ्यांचा एक दस्तूर आहे. वारा सुटला की फ्लेक्स फाटू नये म्हणून ते त्याला चार ठिकाणी अर्धचंद्रासारखा काप देतात, म्हणजे वारा आरपार जातो. त्यांनी शिडी लावली आणि चार काप दिले. तीन काप मोकळ्या जागेत पडले. चौथा वडजळच्या पानात पडला.

शनिवारी सकाळी तारामतीबाई एसटीतून उतरल्या आणि रस्त्यातच थांबल्या. झाड उभं होतं. सहा पानं ताठ होती आणि सातवं मधोमध फाटून फडफडत होतं.

"फाडायला आमचंच गाव गावलं का?" त्यांनी बांधणाऱ्याला विचारलं.

त्यानं वाऱ्याचं कारण समजावून सांगितलं.

"वारं का निस्तं वडजळातूनच जातं?"

त्यानं भुजंगरावांकडं पाहिलं. भुजंगरावांनी फ्लेक्सकडं पाहिलं, तारामतीबाईंकडं पाहिलं, आणि शिडी परत लावायला सांगितली. वडजळच्या पानाचा काप काडीनं मोजला. तेवढ्याच मापाचा एकेक काप बाकीच्या सहा पानांना दिला. सुरुवात त्यांनी माळेवाडीपासून केली. काम झाल्यावर सातही पानं एकदम हलायला लागली, आणि खऱ्या शेतात उभं असल्यासारखं ते झाड दिवसभर सळसळत राहिलं. तारामतीबाईंनी पिशवी उचलली आणि आत जाऊन बसल्या.

आता पाकीट तेवढं राहिलं होतं, आणि मधे रविवार.

त्याच दुपारी मालविका लातूरहून स्वतः आली. फोनवर हे मिटणार नाही असं तनुजानंच तिला कळवलं होतं. तिनं वेगवेगळ्या मापांत झाड छापून आणलं होतं, वीस मिलिमीटरपासून ऐंशीपर्यंत, आणि सोबत पाकिटाएवढे कागद. पंचवीस मिलिमीटरला सातही पानं स्वच्छ दिसतात, असं तिचं म्हणणं होतं. तिनं ते दाखवलंही. तनुजाला दिसली. लिंबाजींना दिसली.

"आमाला दिसून काय उपेग," लिंबाजी म्हणाले. "धोंडप्पाला दाखवा."

धोंडप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि शस्त्रक्रिया सुगीनंतर करायची ठरली होती. त्यांनी परीक्षेआधी चष्मा काढून ठेवला. गिऱ्हाईक काय चष्मा घालूनच दुकानात येतं का, असं त्यांनी विचारलं. ते सगळ्यांना रास्त वाटलं. पाकीट हातभर अंतरावर धरायचं ठरलं, कारण दुकानातली फळी तेवढी लांब असते. तीस मिलिमीटरला धोंडप्पांनी पाच पानं मोजली. चाळीसला सहा मोजली आणि न दिसलेलं सातवं चिंचपिंपरीचं असावं असं म्हणाले. लिंबाजी उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि पुढची मोजणी जवळून पाहू लागले. पन्नासला पुन्हा सहा. साठला आठ भरली. यावर थोडी चर्चा झाली. त्यांनी देठही मोजला होता. सत्तरला एकदाची सात भरली, आणि खात्री म्हणून दुसऱ्यांदा मोजली तेव्हाही सातच भरली.

भुजंगरावांनी ठरावाच्या वहीत सत्तर मिलिमीटर असं लिहिलं. पाकीट नव्वद मिलिमीटर रुंद होतं.

मालविकानं शेवटचा उपाय म्हणून पान चार उघडलं. लोगोच्या चारी बाजूंनी दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडलीच पाहिजे, तिथं अक्षर नाही, रेघ नाही, काहीच नाही, असा नियम होता. हा नियम ऐकून तरी माप खाली येईल, अशी तिची अपेक्षा होती. पण अकरा पानांतला हा एकच नियम असा निघाला, जो संचालकांना ऐकता क्षणी समजला आणि मनापासून आवडला.

"म्हंजे बांध सोडायचा," भुजंगराव म्हणाले.

"सोडलाच पायजे," धोंडप्पा म्हणाले. "बांध न्हाई सोडला की भांडण ठरलेलंच हाय."

सत्तर आणि दोन्ही बाजूंचे दहा-दहा मिळून नव्वद झाले. पाकीट भरलं.

"मग नाव कुठं टाकायचं?" मालविकानं विचारलं.

"कुणाचं?"

"हळदीचं."

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लिंबाजी म्हणाले की हळद आहे हे दिसतंच की, पिवळी आहे. मालविकानं सांगितलं की पाकीट आरपार दिसणारं नाही. तारामतीबाई म्हणाल्या की मग पानं कशाला आहेत, हळदीचं पान कोण ओळखत नाही? मालविका पाकिटाचे कागद नीट लावत राहिली. पहिले सहा महिने तिला ते केळीचं झाड वाटलं होतं.

अखेर हळद हा शब्द पाकिटाच्या अगदी खाली, जिथं पाकीट दाबून बंद करतात त्या पट्टीच्या कडेला गेला. कायद्यानं लागणारा बाकीचा मजकूर मागच्या बाजूला गेला.

निघताना मालविका भुजंगरावांबरोबर ओसरीत थांबली. फ्लेक्सची पानं समोर हलत होती.

"काका, मी दहा वर्षं हेच काम करते," ती म्हणाली. "लोगो मोठा केल्यानं संस्था मोठी दिसत नाही. गिऱ्हाईक लोगो शोधत नाही, वस्तू शोधतं. तुम्हाला हे कळत नाही असं मला वाटत नाही."

"बराबर हाय तुमचं, बाई," भुजंगराव म्हणाले. "पर गिऱ्हाईक आज येतं, उद्या न्हाई येत. ही सात माणसं मला रोज लागतात."

मालविकानं पिशवीतून कागद काढून सत्तर मिलिमीटरच्या नमुन्यावर सही केली आणि गाडीत बसली.

सोमवारी धोंडप्पा ट्रॅक्टर घेऊन आले, कारण शब्द दिला होता. त्यांनी नमुना पाहिला. उंबरदरीचं पान सापडायला त्यांना वेळ लागला नाही. ते बोटाएवढं लांब होतं. त्यांनी आपली पोती एकदा मोजली, जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं आणि रिकामा ट्रॅक्टर घेऊन परत गेले. सात गावांची हळद एकत्र दळली गेली. वीस हजार पाकिटं भरली आणि ठरल्या तारखेला लातूरला पोचली. त्या दिवशी भुजंगराव घरी जाऊन दुपारीच झोपले. नऊ वर्षांत ते असे कधी झोपले नव्हते.

तीन आठवड्यांनी व्यापाऱ्याचा फोन आला. एकदा येऊन जा, समोरासमोर बोलू, एवढंच तो म्हणाला. भुजंगरावांनी धुतलेली टोपी घातली. तनुजानं सगळी कागदपत्रं बरोबर घेतली. लातूरला पोचेपर्यंत, वीस हजार पाकिटं परत आली तर ती कुठं ठेवायची याचा भुजंगराव विचार करत होते. आणि परत आलेल्या पाकिटाचं खापर कोणत्या पानावर फुटेल, याचाही.

दुकान मोठं होतं. मसाल्याच्या फळीवर दोघांनी दोनदा शोधलं. तिखट होतं, धनेपूड होती, गरम मसाला होता. सातपानचं पाकीट दिसेना. शेवटी फळीवर माल लावणाऱ्या बाईला विचारलं. तिनं त्यांच्या नाकासमोरचं पाकीट उचलून हातात दिलं.

पाकिटावर मधोमध एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, तळहाताएवढी. तिच्यावर काळ्या ठळक अक्षरांत 'हळद, ५० ग्रॅम' असं लिहिलं होतं आणि खाली भाव होता.

दुकानाचा मॅनेजर आला. त्यानं कसलाही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यात पाकिटं हललीच नाहीत. पुढून बघितलं तर नुसता हिरवा पाला. गिऱ्हाइकांना ती मेंदी वाटली. दोन बायकांनी मेंदी म्हणून नेलीसुद्धा. एकीनं परत आणली. दुसरी अजून आलेली नाही. मग मालकानं अकराही दुकानांत चिठ्ठ्या लावायला सांगितल्या, आणि त्यानंतर दहा दिवसांत माल निम्म्याच्या वर गेला. रंग चांगला आहे, वास चांगला आहे. मालकांना आणखी वीस हजार पाकिटं हवी आहेत, त्यासाठीच बोलावलं.

तनुजाला आनंद झाला, पण तो पुरता व्हायच्या आधीच तिचं लक्ष चिठ्ठीकडं गेलं. तिनं चिठ्ठी जरा खाली लावता येईल का, असं विचारलं. मॅनेजर म्हणाला की खाली दाबलेली पट्टी आहे, तिथं चिकटत नाही. वर दोरीचं भोक आहे. जागा आहे ती मधेच. तनुजानं नखानं चिठ्ठीचं एक टोक उचलून पाहिलं.

"अण्णा, घरी काय सांगायचं?" तिनं हळूच विचारलं.

भुजंगरावांनी तिच्या हातातून पाकीट घेतलं आणि उचललेलं टोक अंगठ्यानं दाबून बसवलं. मग त्यांनी फळीवरची आणखी पाच-सहा पाकिटं काढून पाहिली. चिठ्ठी सगळ्यांवर एकाच जागी होती. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. खाली थोडा देठ तेवढा दिसत होता आणि देठ कोणत्याच गावाचा नव्हता.

"जरा मोज बरं, माय," ते म्हणाले. "सातही झाकली का?"

तनुजानं पाकीट उजेडात धरलं आणि कडेकडेनं बोट फिरवत पाहिलं. कोणत्याही पानाचं टोकसुद्धा बाहेर नव्हतं.

"सातही," ती म्हणाली.

भुजंगरावांनी पाकिटं होती तशी फळीवर लावून ठेवली. मॅनेजरला त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी चिठ्ठी याच मापाची लावा, आणि याच जागी लावा. तो हो म्हणाला आणि कागद आणायला आत गेला.

तेवढ्यात फोन वाजला. धोंडप्पांचा होता. ते उंबरदरीच्या पारावरून बोलत होते आणि मागं बरीच माणसं कान देऊन उभी असावीत, कारण एरवी गलका असतो तिथं आज अगदी शांत होतं.

"दुकानात पोचलाव का?" त्यांनी विचारलं. "आमचं गाव नीट दिसून राहिलं ना?"

भुजंगरावांनी फळीकडं एकदा पाहून घेतलं.

"जितकी माळेवाडी दिसून राहिली," ते म्हणाले, "तितकीच उंबरदरी. केसाचाबी फरक न्हाई."

पलीकडं धोंडप्पांनी ते पारावरच्या लोकांना सांगितलेलं ऐकू आलं. कोणीतरी काहीतरी विचारलं. मग ते परत फोनवर आले.

"मग हरकत न्हाई," ते म्हणाले. "पुढची पोती कवा आणू?"